पाड्यानं ‘नाही’ म्हटलं तर?

या महिन्यात संशोधनाबद्दलची पत्रं एकत्र घेतली आहेत. काही विद्यापीठातून सातपुड्यात जाणाऱ्यांची आहेत, काही सातपुड्यात राहून त्या पाहुण्यांना तोंड देणाऱ्यांची. माझी मातृभाषा पावरी, सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली. नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याकडे महाविद्यालयात शिकवते आणि विद्यापीठाचे प्रकल्प धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांशी जोडून देण्याचं, एकीकडचं म्हणणं दुसरीकडे नीट पोचवण्याचं काम करते. उत्तरं त्या कामातून आलेली आहेत.

प्रश्न : ताई, मी जळगावला वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. धडगाव तालुक्यातल्या पावरा लोकांच्या औषधी वनस्पतींची नोंद हा विषय ठरला आहे, आराखडाही मंजूर झाला आहे. मार्गदर्शक म्हणतात, सरपंचांचं पत्र घे, माहिती देणाऱ्या प्रत्येकाची संमतिपत्रावर सही नाहीतर अंगठा घे आणि काम सुरू कर. एवढं पुरेसं आहे का?
– संशोधक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : पुरेसं नाही. मला सगळ्यात खटकलं ते हे, की विषय ठरला, आराखडा मंजूर झाला आणि त्यानंतर तुम्ही पाड्यावर निघालात. आता तिथे विचारण्यासारखं उरलं काय? फक्त ‘सही करता का’ एवढंच. ते बदलता येईल, त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी सरपंचांच्या पत्राचं. धडगावकडे एका ग्रामपंचायतीखाली कितीतरी पाडे असतात. डोंगराच्या वेगवेगळ्या अंगांना पसरलेले, एकातून दुसऱ्यात जायला चढउतार करत चालावं लागतं. सरपंच त्यातल्या एका पाड्याचे, आणि ज्या बडव्याकडून, म्हणजे झाडपाल्याचं औषध देणाऱ्या जाणकाराकडून, तुम्ही मुळ्या-सालींची माहिती घेणार तो भलत्याच पाड्यावरचा. त्याच्या वतीनं सरपंचांनी होकार कसा द्यायचा? धडगाव आणि अक्कलकुवा हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालचे राज्याचे २०१४ चे नियम यांमुळे पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून मान्यता घेता येते, स्वतःची ग्रामसभा भरवता येते. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मध्ये, जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मान्य केलेला आहे. हक्क समूहाचा असल्यामुळे एकट्या बडव्यानं अंगठा दिला तरी भागत नाही. आणि ग्रामसभेनं ठराव केला म्हणून बडव्याला बोलायची सक्तीही होत नाही. दोन्ही हवेत, आणि ठराव आधी हवा.

आता बैठकीचं. पहिल्या बैठकीत तुम्हाला कोणी नाही म्हणणार नाही. घरी आलेल्या माणसाच्या तोंडावर नाही म्हणणं आमच्यात बरं दिसत नाही. बाज टाकतील, कोरा चहा येईल, माना हलतील. तो होकार धरू नका. पुन्हा जा, आणि त्या वेळी कागद घेऊन जाऊ नका. बायका आल्यात का बघा, मागे बसून आपसात काय बोलतायत ते भाषा जाणणाऱ्या सोबत्याला विचारा. दर खेपेला बडवा ‘बाहेरगावी गेलाय’ असं कळत असेल, तर तुम्हाला उत्तर मिळालेलं आहे. तिथे थांबायचं. समन्वयकाचं निम्मं काम मला हेच वाटतं, पाड्याला नाही म्हणणं सोपं करून ठेवायचं. मी बैठकीच्या सुरुवातीलाच सांगते, ‘तुम्ही नको म्हटलं तरी घरकुलाचं, रेशनचं, रस्त्याचं काही अडणार नाही. यांचा त्याच्याशी संबंध नाही.’ एवढं ऐकल्यावर बसलेली माणसं सैलावतात. फाईल घेऊन आलेला प्रत्येक माणूस सरकारी आणि त्याला नाराज केलं तर काहीतरी बंद होईल, ही भीती डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या बसलेली आहे.

स्वतःबद्दलही उघडपणे सांगा. या कामातून मला पदवी मिळेल, पदवीमुळे कदाचित नोकरी लागेल, पगार सुरू होईल. लोकांना हे लगेच समजतं, राग येत नाही. राग येतो तो ‘हे तुमच्याच भल्यासाठी आहे’ असं ऐकल्यावर.

औषधांच्या नोंदीत काय सोडायचं, ते नोंद सुरू होण्याआधी ठरवा. काही झाडपाल्याची माहिती एका शिष्यापलीकडे द्यायची नाही असा नेम असतो. बडवा एखाद्या मुळीपाशी येऊन गप्प झाला तर तुमच्या तक्त्यातली ती ओळ रिकामी राहू द्या. नाव नोंदवलं तरी मात्रा आणि कृती छापायची का, हे त्याला विचारा. आणि दुर्मीळ झाडाची अचूक जागा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, प्रबंधात देऊ नका. सातपुड्यातली जंगली सफेद मुसळी कशी ओरबाडली गेली ते वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मी सांगायला नको. जागा कागदावर आली की व्यापारी पोचतो, आणि जो कंद आमच्या बाया गरजेपुरता काढतात तो पोत्यांनी खाली उतरतो.

कागदपत्रांचंही एकदा सांगून टाकते. नमुने गोळा करायला वनविभागाची परवानगी लागते, यावल अभयारण्यात जाणार असाल तर वेगळी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. समिती कागदावरच असली तरी तिच्या सदस्यांना शोधून काढून भेटा. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपूरला आहे. तुमचे निष्कर्ष परदेशी संस्थेला द्यायचे असतील किंवा पेटंटचा विचार कोणाच्या डोक्यात असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. मार्गदर्शकांना हे आजच विचारून घ्या.

केरळमधल्या काणी लोकांची हकिगत तुम्हाला माहीत असावी. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगररांगांत शास्त्रज्ञांचा एक गट फिरत होता. सोबतचे काणी वाटाडे एक फळ चघळत आणि न दमता चढत. शास्त्रज्ञांनी बराच आग्रह केल्यावर त्यांनी ती वनस्पती दाखवली, आरोग्यपच्चा. तिच्यावर तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या सरकारी संशोधन संस्थेनं काम केलं, ‘जीवनी’ नावाचं औषध तयार झालं, एका कंपनीला ते बनवायचा परवाना दिला गेला आणि त्याच्या पैशातला निम्मा वाटा काणी समाजाला द्यायचं ठरलं. त्यासाठी १९९७ मध्ये त्यांचा ट्रस्ट झाला. त्या काळात असं कोणी करत नव्हतं, म्हणून जगभर या उदाहरणाचं कौतुक झालं. पण माहिती सांगितली होती दोन-तीन वाटाड्यांनी, आणि काणी वस्त्या अनेक पंचायतींत विखुरलेल्या. त्यांच्यातल्या काही वैद्यांनी आपलं ज्ञान खासगी कंपनीकडे जाण्याला लेखी हरकत घेतली. वाटणी चांगली होती, विचारणं मात्र अपुरं आणि उशिरा झालं. मी हे उदाहरण प्रत्येक नव्या प्रकल्पात सांगते, कारण आपल्याकडचे प्रकल्प अजून वाटणीपर्यंतही पोचत नाहीत.

आता तुमच्या आराखड्याचं. मंजूर झाला म्हणजे दगडावर कोरला असं नाही. उद्दिष्टांत बदल सुचवायला संशोधन सल्लागार समिती असते, प्रगती अहवालाच्या वेळी तिच्यापुढे मांडा. मी पाहिलेल्या एका कामात पाड्यानं औषधांबद्दल बोलायला साफ नकार दिला. पण त्याच बैठकीत एक म्हातारे आबा म्हणाले, चारोळीची नवी रोपं उगवत नाहीत, ते का होतं हे बघता का? विद्यार्थिनीनं ते मनावर घेतलं. मुलांना सोबत घेऊन तिनं झाडांखालची जमीन तपासली, रोपं मोजली. कारण लोकांना अर्धंमुर्धं ठाऊक होतंच. आपण थांबलो तर शेजारच्या पाड्याचे तोडून नेतील या धास्तीनं फळ हिरवंच उतरवलं जातं, पिकून बी खाली पडतच नाही. जे थोडं पडतं त्यातलं वणव्यात आणि चराईत जातं. मोजलेले आकडे पुढे आल्यावर शेजारशेजारच्या पाड्यांनी बसून तोडणीचा दिवस एकत्र ठरवला. प्रबंधही झाला. पाड्यानं दिलेल्या नकारातून मला आठवतो तो सगळ्यात चांगला विषय निघाला.

प्रश्न : ताई, मी अक्कलकुवा तालुक्यातला आहे, बारावी झालोय. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे शिबिर घेऊन सिकलसेलसाठी रक्त नेलं. रिपोर्ट कोणालाच मिळाला नाही. आता दुसरे लोक येणार आहेत. गावातले म्हणतात, त्यांना परत पाठवू. माझ्या मामाच्या मुलाला हा आजार आहे, म्हणून मला तपासणी हवी असं वाटतं. आम्ही काय करावं?
– एक तरुण, अक्कलकुवा तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं बरोबर आहे आणि गावाचंही. रक्ताचा हा आनुवंशिक आजार खरा आहे, आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहे आणि तपासणीनं जीव वाचतात. एका पालकाकडून दोष आला तर माणूस वाहक असतो. त्याला सहसा त्रास होत नाही. दोन्हीकडून आला तर आजार होतो. पण ज्या रक्ताचा रिपोर्ट घरी आला नाही त्या रक्ताचं पुढे काय झालं, हे विचारणं गावाचा हक्क आहे.

येणाऱ्यांना आधी विचारा, तुम्ही उपचारासाठी येताय की संशोधनासाठी? उपचाराची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते. देशपातळीवरचं सिकलसेल अभियानही १ जुलै २०२३ ला सुरू झालं आहे. त्यासाठी कोणाच्या संशोधनात नाव घालायची गरज नाही, हे गावाला नक्की सांगा. संशोधन असेल तर नैतिकता समितीच्या मंजुरीचा कागद मागा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत आदिवासी समाजातल्या संशोधनाबद्दल लिहिलं आहे, की ते त्या समाजाला फायदा होईल असंच असावं, आत येण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास आयुक्त अशा सक्षम अधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी, संमती घेताना गावातली जाणती माणसं आणि बोली समजणारे लोक हजर असावेत, आणि गावप्रमुखानं परवानगी दिली तरी प्रत्येकाला वेगळं विचारावं. हे पाळलं का ते बघायला डॉक्टर असावं लागत नाही. बारावी शिकलेला तुमच्यासारखा मुलगा हे विचारू शकतो.

मग रक्ताबद्दल विचारा. किती घेणार, कुठे ठेवणार, किती दिवस, या एका तपासणीशिवाय आणखी कशाला वापरणार, उरलेलं काय करणार? अमेरिकेत ग्रँड कॅनियनमध्ये हावासुपाई नावाचा छोटा आदिवासी समाज राहतो. १९९० पासून विद्यापीठाच्या लोकांनी त्यांचं रक्त घेतलं. मधुमेहासाठी घेतोय, असा त्या लोकांचा समज होता, कारण तिथे मधुमेह फार. त्याच रक्तावर पुढे मानसिक आजाराचा, नात्यातल्या लग्नांचा, त्यांचे पूर्वज कुठून आले याचाही अभ्यास झाला. त्यांच्यातलीच एक मुलगी २००३ मध्ये विद्यापीठातल्या एका प्रबंधाच्या सादरीकरणाला बसली होती, तिनं उभं राहून विचारलं तेव्हा हे उघडं पडलं. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले. त्यांना पैशापेक्षा मोठं वाटलं ते रक्ताचे नमुने परत मिळणं, कारण मेलेल्या माणसांचं रक्त परक्याच्या शीतपेटीत असणं त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हतं. भाऊ, आपल्यालाही ते सहन झालं नसतं.

रिपोर्ट हातात देताना एकेकाला बाजूला घेऊन द्यायचे, ही अट आधीच घाला. आश्रमशाळेत रांगेत उभं करून नावं वाचली की वाहक मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. हे मी पाहिलंय, त्या मुलीची चूक काहीच नसते. आणि मागच्या शिबिराचे रिपोर्ट मिळवून देण्यात या नव्या लोकांनी मदत करावी असं म्हणा. ते किती मनापासून धावपळ करतात त्यावरून तुम्हाला त्यांची पारख होईल. मामाच्या मुलाला मात्र कोणाची वाट न बघता रुग्णालयात न्या आणि नियमित औषध चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या प्रकल्पात पाड्यावरच्या लोकांना ‘सहसंशोधक’ म्हणायचं ठरलं आहे. पण लेखा विभाग मानधन द्यायला तयार नाही. पॅन द्या, बिल द्या, बँक खातं द्या, खर्च मार्चच्या आत दाखवा. म्हाताऱ्या माणसांकडून बिल कुठून आणू?
– एक प्राध्यापक, धुळे

उत्तर : सर, हे पत्र वाचून बरं वाटलं, कारण भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा इथेच. बैठकीत हात जोडून ‘तुम्हीच आमचे गुरू’ म्हणायचं आणि दिवसभर डोंगर फिरवणाऱ्या माणसाला चहा-बिस्किटावर निरोप द्यायचा, यात मान कुठे राहिला?

उपाय प्रस्ताव लिहितानाच करावा लागतो. ‘स्थानिक ज्ञानधारकांचं मानधन’, ‘दुभाषी’, ‘ग्रामसभा बैठक’ आणि ‘निष्कर्ष परत नेण्याचा प्रवास व छपाई’ अशी वेगळी शीर्षं अंदाजपत्रकात टाका. शीर्ष मंजूर असलं की लेखा विभागालाही मार्ग काढावा लागतो. तुमचं अंदाजपत्रक आता बदलत नसेल तर ‘क्षेत्रकार्य’ या शीर्षाखाली फेरवाटप मागा, आणि दर आधीच ठरवून विभागप्रमुखांची सही घेऊन ठेवा. दर रोजगार हमीच्या मजुरीपेक्षा वरच असावा, कारण त्या दिवसाची मजुरी सोडून माणूस तुमच्यासोबत आलेला असतो. बिलाऐवजी छापील व्हाउचर करा. नाव, पाडा, कामाचा दिवस, रक्कम, अंगठा आणि शेजारी वाचून दाखवणाऱ्याची सही. पाच हजारांवरच्या पावतीला महसूल तिकीट लावा. बऱ्याच लोकांची जनधन खाती आहेत, पण बँक दूर. रक्कम खात्यात टाकून हात झटकू नका, ती काढायला धडगावपर्यंत यायचा खर्च कोणी करायचा याचा विचार करा. लेखा विभागातल्या माणसाला एकदा सोबत पाड्यावर घेऊन या. मी हे केलं आहे. चांदसैली घाट चढून, पुढे पायी जाऊन एका आजीच्या अंगठ्याला शाई लावून दिल्यावर त्या साहेबांनी पुढचं एकही व्हाउचर अडवलं नाही.

मार्चचं दुखणं मोठं आहे. दिवाळीनंतर आमच्याकडची कितीतरी घरं कुलूप लावून ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात. म्हणजे तुमचं आर्थिक वर्ष संपत येतं तेव्हाच माणसं घरी असतात, आणि तीही होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्याच्या बाजारात, होळीच्या नाचात. त्या आठवड्यात प्रश्नावली काढू नका. वर्षाकाठी घरची सगळी माणसं एकत्र येण्याचे तेवढेच दिवस. पाठोपाठ मोहाची फुलं पडायला लागतात, तेव्हा पहाटेपासून बायका झाडाखाली असतात. दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी जा. पेरण्या उरकल्यानंतर, पावसाळ्याच्या शेवटी बोलायला निवांतपणा असतो. प्रकल्पाचं वेळापत्रक या वर्षावर बसवा आणि मुदतवाढीचा अर्ज सुरुवातीपासूनच तयार ठेवा.

‘सहसंशोधक’ म्हणताय तर शोधनिबंधावर नावंही यायला हवीत, ज्यांना हवीत त्यांची. सगळ्यांना नको असतात, तेही विचारा. मसुदा पावरीत वाचून दाखवा, आणि ‘हे छापू नका’ असं जिथे म्हटलं जाईल तो परिच्छेद काढा. निबंध जरा बारीक होईल, होऊ द्या. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी या गोष्टी त्यांनी स्वतःच्या शब्दांत मागितल्या. तुमच्या पाड्यांनाही त्यांचे नियम लिहायला बसवा. दोन पानं पुरतात. पुढचा प्रकल्प येईल तेव्हा त्यांच्या हातात ती असतील.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हाताऱ्या माणसांची गाणी, गोष्टी, थोडं गायणाही मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं आहे. आता एक विद्यापीठ भाषासंग्रहासाठी ते मागत आहे. देऊ का?
– शिक्षिका, धडगाव तालुका

उत्तर : बाई, तुम्ही हे जपलंत याचं मला फार मोल वाटतं. पण देण्याचा अधिकार तुमचा एकटीचा नाही. ज्यांनी तुमच्यासमोर गायलं त्यांनी ते तुमच्या विश्वासावर गायलं होतं, संग्रहासाठी नाही. कॅनडातल्या आदिवासी समूहांनी आपल्या माहितीबद्दल चार गोष्टींचा आग्रह धरला आहे, मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा. तुमच्या मोबाइलमधल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला हे चार प्रश्न लावून बघा.

गाणाऱ्यांकडे परत जा, ऐकवा, आणि एकेकाचं वेगळं विचारा. मुलांच्या गोष्टी, पेरणीची गाणी बहुतेक जण आनंदानं देतील. गायणा ही आमची पारंपरिक गाथा, ती इंदल या पूजेच्या रात्री म्हटली जाते. ती प्रसंगाबाहेर कोणीही कधीही ऐकावी का, हे पुजारा आणि म्हणणारे बसून ठरवतील. ज्याला नकार येईल ते संग्रहात घालू नका, विद्यापीठानं कितीही समजावलं तरी. जे द्याल त्याची प्रत आधी पाड्यावर राहू द्या. मेमरी कार्डवर द्या, इंटरनेट लागेल असं काही नको, नेटवर्क कुठे असतं? विद्यापीठाकडून लेखी घ्या, की मागितल्यास ध्वनिमुद्रण काढून टाकलं जाईल, आणि गाणाऱ्याचं नाव त्याला हवं तसं लावलं जाईल. ज्या आजी आता हयात नाहीत त्यांच्याबद्दल त्यांच्या मुलांना, आणि मुलांइतकंच लेकींनाही, विचारा.